वाटणीच्या दिवशीचा आकडा

मी घटस्फोटाच्या प्रकरणांत मध्यस्थ म्हणून काम करते. दोघं समोर येऊन बसले की फार वेळ जात नाही, एक वाक्य येतंच: ‘कमावलं मी, मग त्यात तिचा वाटा कसला?’ बायको जास्त कमावणारी असेल तर तेच वाक्य तिच्या तोंडून येतं.

हाच प्रश्न 2000 साली ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता, व्हाइट विरुद्ध व्हाइट या खटल्यात. तीसहून अधिक वर्षांचा संसार, दोघांनी मिळून केलेली शेती, वाढवलेली मुलं. न्यायमूर्तींनी सांगितलं की घर आणि मुलं सांभाळणाऱ्याच्या तुलनेत पैसे कमावणाऱ्याला झुकतं माप द्यायचं नाही; आणि वाटणी ठरली की ती निम्म्या-निम्म्याच्या कसोटीवर एकदा घासून बघायची. आता नीट ऐका, त्याच निकालात बाईंना निम्म्याहून कमीच मिळालं. नवऱ्याच्या वडिलांनी सुरुवातीला मोठी मदत केली होती, हे त्याचं एक कारण. म्हणजे निम्मं ही कसोटी आहे. तिथून का हललो, हे मात्र सांगता आलं पाहिजे.

2006 साली मॅकफार्लेन खटल्यात आणखी पुढचा विचार झाला. तिथली पत्नी स्वतः वकील, एके काळी नवऱ्याच्या तोडीचं कमावणारी. मुलांसाठी तिनं काम सोडलं. त्याची कमाई वाढत गेली, तिची थांबली. हा तोटा वाटणीच्या दिवशी कुठल्याच पासबुकात दिसत नाही, तो पुढच्या सगळ्या वर्षांवर पसरलेला असतो. न्यायालयानं त्यासाठी भरपाईचं तत्त्व मान्य केलं. मला तो शब्द फार मोलाचा वाटतो. पोटगी म्हटलं की कुणीतरी उपकार करतंय असा सूर लागतो. भरपाई म्हटलं की कुणाचं काय गेलं, ते बघावं लागतं.

आता माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त वेळ जिथे जातो, त्याकडे येते. घर.

समजा, घराची किंमत 100 आहे आणि त्यावर 60 कर्ज बाकी. म्हणजे घरात खरे 40. बँकेतल्या ठेवीही 40. एकानं घर घ्यावं, दुसऱ्यानं ठेवी. कागदावर तंतोतंत बरोबरी. पण घर घेणाऱ्याच्या मागे दर महिन्याचा हप्ता लागला, कर लागला, डागडुजी लागली आणि हे सगळं आता एकट्याच्या पगारातून. ठेवीवाल्याला व्याज सुरू. काही वर्षांत हप्ते थकतात आणि घर मिळेल त्या किमतीला काढावं लागतं. घर का हवं असतं, ते मला कळतं. मुलांची खोली तिथे असते, त्यांचे मित्र तिथे असतात. म्हणून मी दोन वेगळे कागद देते. एकावर ‘घर का हवं’ ते लिहा, दुसऱ्यावर ‘घर कसं चालेल’ ते, महिन्याच्या खर्चासकट. दुसरा कागद कोरा राहिला, तर पहिल्यावर कितीही लिहिलं तरी भागत नाही.

याच्या उलट गोष्ट निवृत्तिवेतनाची. आज हातात येत नाही म्हणून लोक ते हिशेबातच धरत नाहीत. जर्मनीत 1977 पासून लग्नाच्या काळात दोघांनी कमावलेले निवृत्तिवेतनाचे हक्क घटस्फोटाच्या वेळी सहसा निम्मे-निम्मे वाटले जातात. घरी राहिलेल्या माणसाचं म्हातारपण यानं सावरतं. जिथे असा नियम नाही, तिथेही वाटाघाटीत हा विषय काढायला कुणाची बंदी नसते.

अर्थात, यातलं काहीही करायचं तर आधी सगळं समोर यायला हवं. भारतात 2020 साली रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सर्वोच्च न्यायालयानं पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यायला लावलं. दोन्ही बाजूंना, आणि देणीसुद्धा. लपवलेली ठेव जितकी घातक, तितकंच लपवलेलं कर्ज.

कर्जावरून शेवटचं सांगते, कारण इथे चांगली, समजूतदार माणसं फसतात. करारात लिहितात, ‘घर त्याला, यापुढे हप्ते तो भरेल.’ दोघं सह्या करतात, सुटलो म्हणतात. पण बँक त्या करारात पक्षकारच नसते. कर्जाच्या कागदावर दोघांची नावं असतील आणि त्यानं हप्ते थकवले, तर बँक तिच्याकडे मागणार. तिनं कुठे जामीन म्हणून सही केली असेल, तर तीही घटस्फोटानं पुसली जात नाही. तेव्हा सह्यांच्या आधी दोघांनी मिळून बँकेत जा. कर्ज एकाच्या नावावर करायला बँक तयार आहे का, विचारा आणि तिचं उत्तर लेखी घ्या. बँक ‘नाही’ म्हणाली, तर घर त्याला द्यायचं हे ठरलेलंच नाही असं समजा आणि कागद पुन्हा टेबलावर घ्या.