ठणक्याला इंग्रजीत काय म्हणायचं?

रात्रीचे पावणेदहा. मिरजेतलं दोन खोल्यांचं घर. ताई दिवसपाळी करून आली, भाकरी टाकल्या, मागचं आवरलं आणि आता मोबाइलवर ३ मिनिटांचा टायमर लावून बसली आहे. समोर पलंगावर तिच्या सासूबाई. आजच्या पेशंट त्याच.

ताई माझी थोरली बहीण. वय ३८. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, होऊन १६ वर्षं झाली. तिला नर्स म्हणून इंग्लंडला जायचंय आणि त्यासाठी ती ओईटी देते आहे, म्हणजे ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्ट. ऑस्ट्रेलियात तयार झालेली ही परीक्षा फक्त आरोग्यसेवेतल्या माणसांसाठी असते. डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट अशा १२ पेशांना ती देता येते. वाचणं, ऐकणं, लिहिणं यांची ताईला फारशी धास्ती नाही. तिची झोप उडवलीय ती बोलण्याच्या २० मिनिटांनी.

सुरुवातीला थोड्या इकडच्या तिकडच्या गप्पा. त्यांना गुण नसतात. मग दोन प्रसंग. प्रत्येकाआधी हातात एक कार्ड येतं. पेशंट कोण, काय झालंय, नर्सनं काय काय करायचं, ते त्यावर लिहिलेलं. वाचायला ३ मिनिटं, बोलायला ५. समोरची व्यक्ती पेशंट होते, नाहीतर पेशंटची नातेवाईक. गुण ती देत नाही. सगळं रेकॉर्ड होतं आणि तपासणारे वेगळेच असतात. इंग्लंडच्या नर्सिंग कौन्सिलला बोलण्यात बी ग्रेड लागते, म्हणजे ५०० पैकी किमान ३५०.

ताईला इंग्रजी येत नाही, असं कुणी म्हणू नये. तिची नर्सिंगची पुस्तकं इंग्रजी होती. पेशंटच्या फाइलवर ती रोज इंग्रजीतच लिहिते. पण ते इंग्रजी म्हणजे बीडी (दिवसातून दोनदा), टीडीएस (तीनदा), एसओएस (गरज पडल्यास), एनबीएम (तोंडानं काही नाही). ऑपरेशनच्या आदल्या रात्री फाइलवर ती एनबीएम लिहिते, आणि पेशंटला मराठीत सांगते, "बाराच्या पुढं काही खायचं-प्यायचं नाही हं मामा, पाण्याचा घोटसुद्धा नाही." हे वाक्य तिनं इंग्रजीत आयुष्यात कधी उच्चारलं नव्हतं. कुणाला उच्चारणार? आणि परीक्षेत नेमकं तेच बोलायचं असतं. तिथं एनबीएम म्हणून भागत नाही. पेशंटला कळेल असं साधं सांगावं लागतं.

आधी तिनं एक क्लास लावला होता. तिथं तयार वाक्यं पाठ करून घेतली. "आय अंडरस्टँड युवर कन्सर्न" हे दिवसातून पन्नास वेळा. पेशंट रडत असो, चिडलेला असो, की गोळी कधी घ्यायची एवढंच विचारत असो, उत्तर तेच. पैसे भरलेले, रजा टाकलेली. त्या सहा आठवड्यांबद्दल मला आजही वाईट वाटतं, कारण माणसाशी कसं बोलायचं हे ताईला कुणी शिकवायची गरजच नव्हती.

तिनं कन्नड कसं उचललं, ते मी पाहिलंय. डॉक्टर विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशनचं रुग्णालय उभारलं. पुढं गावभर दवाखाने झाले. कर्नाटकातून येणारे पेशंट इथल्या वॉर्डांना नवे नाहीत. नोकरीला लागली तेव्हा ताईला कन्नडचं अक्षर येत नव्हतं. "एल्लि नोवु?" म्हणजे कुठं दुखतंय, हे तिला एका आजींनीच शिकवलं. ती चुकली की आजी हसायच्या आणि पुन्हा म्हणून दाखवायच्या. वर्षभरात ती कन्नडमध्ये समजूत घालायला लागली. व्याकरणाचं पुस्तक तिनं उघडलंसुद्धा नाही.

क्लास सुटल्यावर तिनं एक वही केली. डावीकडं पेशंटच्या तोंडचे शब्द, उजवीकडं इंग्रजी. ठणका, थ्रॉबिंग. चमक, शूटिंग पेन. पोटातली कळ, क्रॅम्प. जळजळ, बर्निंग. मुंग्या, पिन्स अँड नीडल्स. "व्हेअर इज इट पेनिंग" यावर तांबडी काट, खाली "व्हेअर डझ इट हर्ट". अर्धी वही नाईट ड्युटीत भरली, तीही पेशंटच्या खाटेशेजारी उभं राहून. 'शिणक'पुढची जागा अजून रिकामी आहे. तिला मनासारखा शब्द मिळालेला नाही.

उच्चारांचं तिनं फार मनावर घेतलं नाही, आणि ते बरंच केलं. गोऱ्यांसारखं बोलायचं नसतं, ऐकणाऱ्याला कळलं म्हणजे झालं. एक मात्र तिनं आरशासमोर घोटलं. शीर म्हणजे व्हेन आणि कधी म्हणजेही व्हेन, मराठीत आपण दोन्ही सारखंच लिहितो. शिरेला वरचे दात खालच्या ओठाला लागतात. 'कधी'ला ओठांचा नुसता चंबू.

टायमर वाजला. कार्डावरची बाई ६५ वर्षांची. मधुमेह आहे, इन्सुलिन सुरू करायचंय, आणि ती घाबरली आहे. सासूबाई मराठीत बोलणार, ताई इंग्रजीत. पहिल्या दिवशी हे मला विचित्र वाटलं होतं. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "शब्द नाही कळत मला. पण ही घाईत आहे, ते कळतं." तेव्हापासून ताई "डोन्ट वरी" म्हणत नाही. काळजी करू नका म्हणून विषय मिटवायचा नाही, आधी काळजी कसली ते विचारायचं. परीक्षेत पेशंटची बाजू समजून घेण्याला वेगळे गुण आहेत, हे तिला नंतर कळलं.

सासूबाईंना स्वतःला साखरेच्या गोळ्या चालू आहेत. डॉक्टरांनी परवा इन्सुलिनचा विषय काढला.

"मला नको सुई," त्या म्हणतात. "एकदा लागली की मरेपर्यंत सुटत नाही. शेजारच्या काकूंचं बघितलंय मी."

हे कार्डावर नाही. ताई खुर्ची पुढं ओढते. जरा थांबते. "यू हॅव सीन समवन गो थ्रू धिस," ती सावकाश म्हणते. "टेल मी, व्हॉट हॅपन्ड?"

"काय म्हणालीस गं?"

"काकूंना काय झालं होतं ते सांगा म्हटलं, आई."

सासूबाई सांगायला लागतात. ५ मिनिटांचा टायमर वाजतो. ताई न बघताच हात लांब करून तो बंद करते.