पोराचं अक्षर बिघडलं तर डोळेही तपासून घ्या

नमस्कार मंडळी. जळगाव, धुळे, नंदुरबार, जिथं कुठं ऐकताय तिथल्या सगळ्यांना नमस्कार. आज विल्सन डिसीजबद्दल बोलायचंय. साधारण 30,000 माणसांत एकाला होणारा आजार आहे, पण वेळेत सापडला तर गोळ्यांवर आटोक्यात राहतो आणि नेमका तोच वेळेत सापडत नाही, म्हणून जीव तुटतो.

शरीराला तांबं अगदी थोडं लागतं, जास्तीचं लिव्हर पित्तातून बाहेर टाकतं. या आजारात ती सोय जन्मापासूनच बिघडलेली असते, मग तांबं आधी लिव्हरमधे साठतं आणि नंतर मेंदूत. विल्सन नावाच्या डॉक्टरांनी 1912 साली हे सविस्तर लिहिलं, 1956 साली पेनिसिलामाइन हे जास्तीचं तांबं लघवीतून बाहेर काढणारं, तोंडाने घ्यायचं औषधही आलं.

माझा भाचा रावेरकडचा, नववीत होता. आधी अक्षर बिघडलं, मग वरणाची वाटी उचलली की हात थरथरायचा, बोलणं जड झालं, तोंडातून लाळ यायची, चिडचिड तर विचारू नका. शाळेत म्हणाले लक्ष नाही, कोणी म्हणालं मोबाईलमुळे, आजी म्हणे "याले बाहेरचं लागलं", उतारे झाले, गंडेदोरे झाले. एका डॉक्टरांनी टेन्शन म्हणून मानसिक आजाराच्या गोळ्या दिल्या, त्याने अंग अजूनच आखडलं. आणि त्याला आधी कावीळ होऊन गेली होती, झाडपाल्यावर उतरली असं सगळे धरून चालले, तिचा नि या थरथरीचा संबंध कोणी जोडलाच नाही.

शेवटी न्यूरोलॉजिस्टने, म्हणजे मेंदू-नसांच्या डॉक्टरांनी, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून बघायच्या मशीनवर, बुबुळाच्या कडेला तपकिरी-हिरवट कडं दिसलं, माझ्या बहिणीलाही दाखवलं त्यांनी. ते साठलेलं तांबं. मग रक्तातलं सेरुलोप्लाझमिन, म्हणजे तांबं वाहून नेणारं प्रथिन, कमी निघालं, चोवीस तासांची लघवी कॅनमधे जमवून दिली, त्यात तांबं भरपूर. निदान पक्कं.

गावात लगेच सुरू, तांब्याच्या हंड्यातलं पाणी पाजलं म्हणून झालं. अजिबात नाही हो! आईबाप दोघांकडून सदोष जीन आला तरच होतो, त्या माऊलीला बोल लावू नका. हां, आजार निघाल्यावर मात्र त्या हंड्यातलं पाणी त्या पोराला द्यायचं नाही.

आणि सख्ख्या भावंडांना काही त्रास नसला तरी त्यांची तपासणी कराच, प्रत्येकाला चारात एक इतका धोका असतो. भाचीची केली, तिलाही निघाला, लक्षण एकही नव्हतं, तिला लगेच झिंक, म्हणजे अन्नातलं तांबं अंगात शिरू न देणारी गोळी, सुरू झालं.

गोळ्या जन्मभर घ्यायच्या. बरं वाटलं म्हणून बंद केल्या तर लिव्हर एकदम फेल होऊ शकतं, जिवावर बेततं. पेनिसिलामाइन सुरू केल्यावर काहींची थरथर आधी वाढते, तेव्हा घाबरून स्वतःच बंद करू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, डोस कसा बदलायचा ते तेच सांगतील.