'औदुंबर'मधली वाकडी पायवाट

श्रोतेहो, नमस्कार.

१८९० ते १९१८, एवढंच आयुष्य लाभलेल्या बालकवींची 'औदुंबर' ही कविता जेमतेम आठ ओळींची. तिचा विषय निघाला की आपण त्या झाडाचा अर्थ शोधायला धावतो. हा औदुंबर विरक्त योगी, की मृत्यूची सावली? मला वाटतं, आधी कविता मोठ्यानं म्हणावी आणि तिचा ठेका ऐकावा.

'ऐल तटावर - पैल तटावर - हिरवाळी घे - ऊन.' आठ, आठ, आठ आणि तीन, अशा २७ मात्रा. मात्रा म्हणजे उच्चाराचं माप: लघु, म्हणजे ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाच्या दोन. पहिल्या चार ओळींत आठव्या मात्रेला शब्दही संपतो. 'निळासांवळा', थांबा. 'चार घरांचे', थांबा. झरा, गाव, शेतमळे, सगळं कसं जिथल्या तिथं.

मग पाचवी ओळ येते: 'पायवाट पांढरी तयांतुनि अडवीतिडवी पडे.' इथं आठवी मात्रा 'पांढरी'च्या मधोमध पडते: 'पायवाट पां - ढरी तयांतुनि'. पुढच्या ओळीतही तेच होतं: 'हिरव्या कुरणा - मधुनि चालली'. वाट आडवीतिडवी झाली आणि नेमक्या त्याच दोन ओळींत शब्दांनी ठेक्याचा बांध ओलांडला! बालकवींनी हे मोजूनमापून केलं असेल असं मी म्हणणार नाही. पण त्यांचा कान किती तयार होता, ते इथं कळतं.

यमकही ऐका. टेकडीकडे, पुढे, पडे, डोहाकडे. तिसऱ्या ओळीपासून सहाव्यापर्यंत एकच नाद आपल्याला पुढं पुढं नेतो आणि काळ्या डोहाशी आणून सोडतो. तिथं यमक बदलतं. 'लाटांवर', 'औदुंबर'. या ओळी लघु अक्षरावर संपतात, म्हणून शेवटी आवाज लांबवावा लागतो. ठेका मात्र पुन्हा पहिल्यासारखा, शब्द आठव्या मात्रेशी संपवणारा.

कवितेत 'मी' नाही, दुःख हा शब्द नाही, उसासा नाही. हिरवा, निळा, पांढरा आणि मग काळा, एवढे रंग. झरा वाहतो, वाट चालते. पाण्यात पाय टाकून बसलेला आहे तो एकटा औदुंबर. आणि लाटांवर पसरलेला तो काळिमासुद्धा 'गोड' आहे. हा एक शब्द असताना या कवितेला निव्वळ उदास म्हणणं मला पटत नाही. पाण्यात पाय सोडून बसण्यातलं सुखही तिच्यात आहे.

आज ती म्हणून पाहा, आणि पाचव्या ओळीत ठेक्यासाठी 'पांढरी' मात्र तोडू नका.