धूर निघणारी जमीन आणि एक दगडी चर्च

(दृश्य: सपाट माळ, वाऱ्याचा आवाज. दूरवर उतरत्या छपराची एक बुटकी इमारत.)

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याचा वायव्य कोपरा. नजर जाईल तिथवर शेतं आणि गवत, मधूनच सॉलोमन नदीकाठची झाडी. हायवे 24 वरून जाणाऱ्याला निकोडेमसमध्ये गाडी थांबवायचं तसं काही कारण नाही. थांबलाच, तर हे आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च दिसेल. ना उंच मनोरा, ना रंगीत काचांचा थाट. एवढंच? असं वाटलं तर वाटू द्या.

1877 साली हे गाव वसवलं गुलामीतून सुटलेल्या माणसांनी. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून बारा वर्षं झाली होती. केंटकी राज्यामध्ये जाहिराती फिरत होत्या: कॅन्ससला चला, स्वतःची जमीन मिळेल. घोडा, बैल, नांगर असलं काही जवळ नसताना माणसं निघाली.

विलियाना हिकमन 1878 च्या वसंतात आली, पाद्री असलेल्या नवऱ्यासोबत. एलिस स्टेशनवर उतरून, तिथून दोन दिवस गाडीवाटेने. वाट कसली, होकायंत्र आणि हरणांच्या पायवाटा. पोहोचल्यावर तिने विचारलं, कुठाय निकोडेमस? मला तर दिसत नाही. नवऱ्याने जमिनीतून ठिकठिकाणी वर येणाऱ्या धुराकडे बोट दाखवलं.

ते निकोडेमस.

माणसं जमिनीत खणलेल्या घरांत राहत होती. विलियाना रडायला लागली. हे तिनेच पुढे सांगून ठेवलंय.

(दृश्य: भिंतीचा दगड, अगदी जवळून.)

माळावर झाडं नाहीत म्हटल्यावर लाकूड कुठून आणणार? गवताच्या मुळांसकट मातीचे ठोकळे कापायचे आणि रचायचे. गावातल्या फर्स्ट बॅप्टिस्ट मंडळीची प्रार्थनाही सुरुवातीला जमिनीत खणलेल्या खोलीतच व्हायची. मग दगडाकडे लक्ष गेलं. पश्चिम कॅन्ससचा चुनखडी दगड खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, करवतीने कापता येतो; हवा लागत गेली की घट्ट होत जातो. त्याच चुनखडीच्या भिंती रचून 1885 साली हे चर्च उभं राहिलं. धूर निघणाऱ्या त्या जमिनीपासून इथवर यायला जेमतेम आठ वर्षं लागली.

बांधलं मात्र फर्स्ट बॅप्टिस्टने नाही, वेगळ्याच मंडळीने. हे मूळचं माउंट ऑलिव्ह बॅप्टिस्ट चर्च. तेव्हा गाव भरात होतं. हॉटेल होतं, दुकानं होती, लवकरच वर्तमानपत्रंही निघाली. इथूनच पुढे आलेला एडवर्ड मॅककेब 1882 मध्ये राज्याचा लेखापरीक्षक म्हणून निवडून आला होता. अजून काय हवं? रेल्वे. ती आली की गावाचं नशीब उघडणार होतं. 1887 मध्ये गावकऱ्यांनी मिसूरी पॅसिफिक कंपनीसाठी सोळा हजार डॉलरच्या रोख्यांना मतं दिली. मिसूरी पॅसिफिक आलीच नाही. पुढच्या वर्षी युनियन पॅसिफिकने रूळ टाकले, पण नदीच्या पलीकडून. तिथल्या कामगारांच्या तळाचं बोग नावाचं गाव झालं आणि निकोडेमसचे दुकानदार एकेक करून तिकडे गेले. स्टेशन शेजारच्या गावाला गेलं की आपल्या बाजारपेठेचं काय होतं, हे आपल्याकडेही पुष्कळांना ठाऊक आहे.

आता तारखा नीट पाहा. रेल्वे हुकली 1888 मध्ये. आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल मंडळीने ही इमारत विकत घेतली 1897 मध्ये. दुकानं उठल्यावर नऊ वर्षांनी, ज्या गावात पैसा घालायला कुणी व्यापारी धजावला नसता तिथे, या लोकांनी चर्च घेतलं. मला या इमारतीची सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते.

या पंथाच्या जन्माची कथाही अशीच मानी. अठराव्या शतकाच्या अखेरीस फिलाडेल्फियातल्या एका चर्चमध्ये गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या काळ्या भाविकांना उठवलं गेलं. ते उठले आणि बाहेरच पडले. रिचर्ड ॲलन यांच्या पुढाकाराने 1816 मध्ये त्यांचा स्वतंत्र पंथ झाला.

(दृश्य: रिकामी खोली. खिडकीतून आलेलं ऊन.)

दुष्काळ, मंदी, शहरांकडे ओढा. गाव ओसरत गेलं. चर्चवर बाहेरून गिलावा चढला, दगड झाकला गेला. विसाव्या शतकाच्या मध्यावर इथली उपासना थांबली आणि इमारत खचायला लागली.

1996 मध्ये निकोडेमस राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरलं. त्यात पाच इमारती येतात: हे चर्च, फर्स्ट बॅप्टिस्टचं जुनं चर्च, सेंट फ्रान्सिस हॉटेल, शाळा आणि टाउनशिप हॉल. नॅशनल पार्क सर्व्हिसने 1998 मध्ये हे चर्च विकत घेतलं आणि पडझड थोपवली.

गावात राहणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी. पण जुलैच्या शेवटच्या शनिवार-रविवारी इथे गाडी लावायला जागा शोधावी लागते. पूर्वी हा सोहळा 1 ऑगस्टला असायचा, ब्रिटिश वेस्ट इंडीजमधल्या गुलामीच्या अंताची आठवण म्हणून. आता त्याला होमकमिंग म्हणतात. पहिल्या वस्तीकरांची नातवंडं-पतवंडं देशभरातून येतात. मिरवणूक निघते, जेवणाच्या पंगती बसतात, कोण कुणाचं कोण ते पुन्हा एकदा जुळवलं जातं.

(दृश्य: चर्चचं दार. आतून बाहेर पाहताना, मिरवणूक पुढे सरकते आहे.)