हालचाल मुलाची स्वतःची हवी

समोर आई-बाबा आहेत आणि फिजिओथेरपी शिकणारे विद्यार्थीही आहेत. दोघांनाही उपयोगी पडेल असा एकच मुद्दा आज धरून ठेवते. मेंदूला इजा झालेलं किंवा वाढीत मागे पडलेलं मूल शिकतं ते स्वतः काहीतरी करायला गेल्यावर. धडपडून, चुकून, पुन्हा करून. त्याचे हातपाय दुसऱ्या कुणीतरी कितीही वेळ हलवून दिले तरी त्याचा मेंदू त्यातून फारसं काही उचलत नाही.

सेरेब्रल पाल्सीपासून सुरुवात करू, कारण बाल-फिजिओथेरपीत सर्वांत जास्त दिसणाऱ्या आजारांपैकी तो एक आहे. मेंदूची वाढ सुरू असताना त्याला इजा होते. ती इजा पुढे पसरत नाही, पण हालचालींवर आणि शरीराच्या ठेवणीवर तिचा परिणाम आयुष्यभर राहतो. लंडनचे डॉक्टर विल्यम लिटल यांनी १८६१ मध्ये या आजाराचा संबंध अवघड बाळंतपणाशी जोडला. सिग्मंड फ्रॉइड यांनी, मनोविश्लेषणाकडे पूर्णपणे वळण्याआधी, या मुलांचा बारकाईने अभ्यास केला होता. १८९७ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी शंका मांडली की अवघड बाळंतपण हेच कधी कधी गर्भातल्या बिघाडाचं लक्षण असू शकेल. पुढच्या संशोधनाने त्यांना दुजोरा दिला: जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडणं हे कारण थोड्याच मुलांत सापडतं. मी हा इतिहास मुद्दाम सांगते, कारण कितीतरी आया बाळंतपणातल्या त्या काही तासांचा हिशेब वर्षानुवर्षं मनात मांडत असतात. त्यांनी स्वतःला दोष देणं आता थांबवावं.

मूल स्वतः करून शिकतं म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, केव्हापासून? जितक्या लवकर शक्य असेल तितक्या लवकर. हाइन्झ प्रेख्टल या संशोधकाने एक विलक्षण गोष्ट दाखवून दिली. तीन ते पाच महिन्यांचं बाळ जागं आणि शांत असताना उताणं निजवून नुसतं पाहत राहा. निरोगी बाळाची मान, धड, हातपाय सगळ्या दिशांनी बारीक बारीक, जवळजवळ सतत हलत असतात. या हालचाली दिसतच नसतील तर सेरेब्रल पाल्सीचा धोका फार मोठा असतो. हे निरीक्षण, मेंदूचा एमआरआय आणि हॅमरस्मिथ ही बाळाच्या मज्जासंस्थेची ठरावीक तपासणी यांच्या आधारे बाळ सहा महिन्यांचं होण्याआधीही निदान करता येतं. तरीही ‘अजून लहान आहे, वर्षाचं होईपर्यंत वाट पाहू’ हा सल्ला आजही दिला जातो. मला तो अजिबात मान्य नाही. ज्या महिन्यांत मेंदू सर्वांत वेगाने जोडण्या बांधतो, तेच महिने वाट पाहण्यात निघून जातात.

पण दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात निरोगी मुलं आधाराशिवाय चालायला लागण्याचं वय आठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेलं आढळलं, आणि शंभरातली चारेक मुलं तर हात-गुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत. शेजारचं मूल आधी चाललं म्हणून घाबरण्याचं कारण नाही. बाळ दिवस भरण्याआधी जन्मलं असेल तर जितके आठवडे आधी आलं तितके वयातून वजा करूनच तुलना करा. मात्र वर्षाच्या आत बाळ सारखा एकच हात वापरू लागलं, तर ‘डावखुरा दिसतोय’ म्हणून कौतुक करत बसू नका. इतक्या लहान वयात हात ठरत नाही. दुसऱ्या हातात काहीतरी कमी असण्याची शक्यता असते, तेव्हा लगेच दाखवा.

आता उपचार. गेल्या शतकाच्या मध्यापासून बर्टा आणि कारेल बोबाथ या दांपत्याच्या पद्धतीचा आमच्या व्यवसायावर मोठा प्रभाव राहिला. या मुलांना काही शिकवता येतं हा विश्वास त्यांनी दिला, त्याचं ऋण मानायलाच हवं. पण त्या पद्धतीत थेरपिस्टचे हात फार काम करत. शरीर योग्य स्थितीत धरायचं, ‘बरोबर’ हालचाल घडवून आणायची. २०१३ मध्ये आयोना नोवाक आणि सहकाऱ्यांनी सेरेब्रल पाल्सीवरच्या उपचारांचे पुरावे एकत्र तपासले, तेव्हा अशा हाताळणीच्या बाजूने निष्कर्ष निघाला नाही. पुरावा मिळाला तो मुलाला हवं असलेलं काम निवडून तेच पुन्हा पुन्हा करून घेणाऱ्या पद्धतींना. नुसतं ताणून धरण्याच्या व्यायामाचा फायदाही अपेक्षेपेक्षा फारच कमी निघाला.

एका बाजूचा हात अधू असलेलं मूल घ्या. रोज अर्धा तास त्याच्या मिटलेल्या मुठीची बोटं उघडत बसता येईल. किंवा एका हाताने उचलताच येणार नाही असा मोठा चेंडू समोर ठेवता येईल, घट्ट झाकणाच्या डब्यात आवडतं खेळणं टाकता येईल. दुसऱ्या प्रकारात मूल चिडेल, वेळ लागेल, डबा सांडेल. तरी तेच करा. चांगल्या हातावर रोज काही वेळ हातमोजा चढवून अधू हाताला कामाला लावणारी पद्धतही याच तत्त्वावर उभी आहे, आणि तिच्यामागे भक्कम पुरावा आहे. आई-बाबांना माझं सांगणं इतकंच असतं: मदत करा, पण थोडी उशिरा करा. मुलाचा हात खेळण्यापर्यंत पोहोचेपर्यंतचे काही क्षण बघत थांबणं फार कठीण असतं, मला ठाऊक आहे. शिकणं त्याच क्षणांत होतं.

दोन ठिकाणी मात्र मुलाच्या धडपडीवर सगळं सोडून चालत नाही.

पहिलं ठिकाण खुब्याचा सांधा. सेरेब्रल पाल्सी असलेल्या साधारण एक तृतीयांश मुलांत तो हळूहळू जागेवरून सरकू लागतो. स्वतंत्र चालणाऱ्या, सौम्य गटातल्या मुलांना हा धोका जवळजवळ नसतो. सर्वांत तीव्र गटात तो दहातल्या नऊ मुलांना असतो. सुरुवातीला दुखत नाही म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. स्वीडनमध्ये १९९४ पासून ठरावीक काळाने एक्स-रे काढून या मुलांवर नजर ठेवली जाते, आणि तिथे खुबा पूर्ण निखळणं अगदी विरळ झालं आहे. तुमच्या मुलाचा एक्स-रे शेवटचा कधी काढला, हे डॉक्टरांना विचारा.

दुसरं ठिकाण डुशेन स्नायुक्षय. चार-पाच वर्षांचा मुलगा जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत टेकत वर येतो, पोटऱ्या जाड आणि टणक दिसतात, जिना चढताना मागे पडतो. लोक त्याला आळशी म्हणतात. इथे स्नायूच झिजत असतो, म्हणून वजनं उचलायला लावणं, दमवणं घातक ठरतं. पाण्यातला हलका व्यायाम, रात्री पाय नीट स्थितीत धरणारे आधार म्हणजे स्प्लिंट, वेळेवर स्टिरॉइड यांनी चालण्याची वर्षं वाढतात. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला मी म्हणेन, अजून एकदा कर. या मुलाला म्हणेन, आता बस.

‘आमचं मूल चालेल का?’ हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक घर विचारतं. त्याचं उत्तर पूर्वी अंदाजाने दिलं जायचं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या गटाने १९९७ मध्ये हालचालींच्या क्षमतेनुसार पाच पातळ्या ठरवल्या, आणि २००२ मध्ये प्रत्येक पातळीच्या मुलांची प्रगती साधारण कशी होते याचे आलेख मांडले. म्हणून पाच वर्षांच्या आतल्या मुलाबद्दलही आज बरंच खरं सांगता येतं, आणि मी ते सांगते. काही घरांना ‘बहुधा स्वतंत्र चालणार नाही’ असं सांगावं लागतं.

अशा घरांत व्हीलचेअरचा विषय निघाला की हार मानल्यासारखं वाटतं. ‘खुर्ची दिली तर चालायचा प्रयत्नच सोडेल’ अशी भीती असते. या भीतीला आधार नाही. लहान वयात बॅटरीवर चालणारं वाहन मिळालेल्या मुलांचा इतर हालचालींचा विकास त्यामुळे मागे पडल्याचं दिसलेलं नाही. डेलावेअर विद्यापीठातल्या कोल गॅलोवे यांनी तर खेळण्यातल्या बॅटरीच्या गाड्यांत बदल करून त्या अगदी चिमुरड्या मुलांना दिल्या. मोठं बटण दाबलं की गाडी पुढे जाते, मग ते बटण हाताने दाबो की डोक्याने. खोलीत कुठे जायचं हे अशा मुलाला तोवर दुसरं कुणीतरी ठरवून देत असतं. त्यामुळे दोन वर्षांचं मूल चालू शकत नसेल, तर खुर्ची किंवा अशी गाडी शाळेच्या वयापर्यंत पुढे ढकलू नका. पुढच्या तपासणीतच तिच्याबद्दल बोला.