नाव शेवटी वाचायचं

(दृश्य: जुना बाजार, रविवार सकाळ)

पुण्याला समुद्र नाही. तरी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात कुलपं, नळ, ग्रामोफोनच्या तबकड्या यांच्या गर्दीत जहाजी दुर्बीण सापडते. पितळी, चामडं गुंडाळलेली, नळीत नळी घालून मिटणारी. वर ऐटीत कोरलेलं: ‘केल्विन अँड ह्यूजेस, लंडन, १९१७’.

जुन्या जहाजी दुर्बिणी जमवणारे काका ती उचलतात, हसतात आणि जागेवर ठेवतात. या नावाची कंपनी सुरूच झाली १९४७ साली! शेजारी ‘व्हिक्टोरियन मरीन टेलिस्कोप, १९१५’. राणी १९०१ मध्येच गेली होती. असा जुना भासवलेला नवा माल पुष्कळदा उत्तराखंडातल्या रुरकीकडून येतो. शोकेसमध्ये ठेवायला छानच, फक्त विकणाऱ्याने नवा म्हणून विकावा.

(दृश्य: घरातलं टेबल, क्लोजअप)

व्यापारी जहाजांवर आयुष्य काढलेले काका कोरलेलं नाव शेवटी वाचतात. संग्रहातल्या या दुर्बिणीचीही आधी सोडवतात ती पुढच्या भिंगाची कडी. आटे पाहा, किती बारीक! चिमटीत धरून फिरवले तरी सुटतात. आत भिंगं दोन: एक फुगीर, क्राउन काचेचं, दुसरं खोलगट, फ्लिंट काचेचं. एकट्या भिंगातून पाहिलं तर डोलकाठीला निळी-तांबडी झालर दिसते, कारण काचेतून जाताना प्रत्येक रंग कमी-जास्त वळतो. दुसरी काच ती झालर आवरते. पूर्वी झालर कमी करायची तर नळी लांबच लांब करावी लागे. हलत्या डेकवर ती धरणार कोण? लंडनच्या जॉन डॉलंडने १७५८ मध्ये या जोडभिंगाचं पेटंट घेतलं. कल्पना त्याच्याआधी चेस्टर मूर हॉल नावाच्या वकिलाला सुचली होती. नाव मात्र डॉलंडचं झालं, आणि नाव झालं तशा नकलाही झाल्या.

आता टॉर्च तिरपा धरलाय. कडेला पिवळट नक्षी दिसते? दोन काचा चिकटवणारी राळ, कॅनडा बाल्सम, सुटायला लागली आहे. आणि नळीवर हा छोटा बाण: ब्रिटिश सरकारी मालाची खूण.

(दृश्य: तांबट आळी)

या नळीला पोचा आला होता. कसबा पेठेत कारागिराने आत बसेल असा लाकडी दांडका तासून घेतला. तो नळीत सरकवायचा, बाहेरून हलक्या हाताने ठोकायचं, नळी जराशी फिरवायची, पुन्हा ठोकायचं. घाई केली तर पातळ पितळ चिरतं. पोचा निघाला, काळपटपणा मुद्दाम ठेवला. ‘ब्रासो पॉलिश लावलंत तर माझ्याकडे आणू नका,’ काका नवशिक्यांना बजावतात. बरोबरच आहे. घासून घासून कोरीव अक्षरं बुजतात, नळ्या ढिल्या पडतात. चकचकीत पितळच हवं असेल तर समई घ्यावी.

(दृश्य: पर्वती)

निशाणा सिंहगड. दूरदर्शनच्या मनोऱ्याची जाळीसुद्धा वेगळी दिसते.

काकांचा मुलगा परदेशी असतो. शंभर वर्षं उलटलेल्या अशा वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यामुळे देशाबाहेर नेता येत नाहीत, तेव्हा संग्रह इथेच राहणार.

(दृश्य: वही)

प्रत्येक दुर्बिणीची नोंद आहे: कुठे मिळाली, कुठलं भिंग फुटकं होतं, काय दुरुस्त केलं. किमतीच्या रकान्यावर मात्र काकांनी कॅमेऱ्यासमोर हात ठेवला.