तांड्यातून शपथविधीला

(दृश्य: पुसद तालुका, सकाळ. फुटलेली कापसाची पऱ्हाटी, कमरेला ओटी बांधून वेचणाऱ्या बाया. फाट्यावर थांबलेली एसटी.)

विधानसभेचा निकाल लागतो तेव्हा या भागात वेचणी भरात असते. तांड्यातून मुंबईला शपथविधी पाहायला जायचं, तर पहिली अडचण तारखेची: नवं सरकार शपथ कधी घेणार, हे तेव्हा मुंबईतही कोणाला ठाऊक नसतं. 2014 साली निकाल 19 ऑक्टोबरला आला आणि शपथ 31 ला झाली. 2024 ला निकाल 23 नोव्हेंबरचा, शपथ 5 डिसेंबरची. दोन्ही वेळा बरोबर बारा दिवस. पण या बारा दिवसांवर विसंबणाऱ्यानं 2019 आठवावं. निकाल 24 ऑक्टोबरला लागला. पहिली शपथ झाली 23 नोव्हेंबरला, राजभवनात, तीही अर्ध्या राज्याचा चहा व्हायच्या आत. दुसरी पाच दिवसांनी शिवाजी पार्कवर. त्या पहिल्या शपथेला इथलं कोणी पोचूच शकलं नसतं.

पुसदच्या बंजारा तांड्यांना शपथविधीचं अप्रूप आहे, त्याला कारण आहे. याच तालुक्यातल्या गहुली तांड्याचे वसंतराव नाईक 5 डिसेंबर 1963 ला मुख्यमंत्री झाले आणि अकरा वर्षांहून जास्त काळ त्या पदावर राहिले. 2024 चा शपथविधीही 5 डिसेंबरलाच आला. इथल्या जुन्या माणसांना असल्या तारखा पाठ असतात.

(दृश्य: सेवालाल महाराजांचं मंदिर, संध्याकाळ. नाईक म्हणजे तांड्याचा प्रमुख, त्याचा कारभारी, बचत गटाच्या बाया.)

जायचं कोणी, हे बैठकीत ठरतं. जीप भरून वीसजण गेले तर ती गर्दी होते. चौघं गेले तर ते तांड्याचे. चारच का, याचं खरं उत्तर रेल्वेत आहे: तत्काळच्या एका तिकिटावर चारच नावं बसतात. तांड्याचा नाईक किंवा सरपंच, बचत गटातली एक बाई, पूर्वी मुंबई पाहिलेला एक आणि फोन नीट वापरता येणारा एक पोरगा. ज्याच्या घरी वेचणीला दुसरा हात नाही, त्याला पाठवू नये. दोन रात्री, दोन दिवस जातात, आणि फुटलेला कापूस अवकाळीची वाट पाहत थांबत नाही.

खर्च वर्गणीतून. ग्रामपंचायतीच्या निधीतून टाकला तर लेखापरीक्षणात आक्षेप येणारच. ग्रामसभेनं ठराव जरूर करावा, त्याची प्रत सोबत घ्यावी. पण ठराव म्हणजे पास नव्हे. राजभवनात, म्हणजे आताच्या लोकभवनात, सोहळा असेल तर निमंत्रण नसलेल्याला आत सोडत नाहीत, तिथं ठरावाच्या कागदाला काही किंमत नाही. मैदानावर असेल तर सामान्यांसाठी वेगळा भाग राखलेला असतो. पास मिळाला तर त्यावरचं गेट आधी वाचावं. चुकीच्या गेटवरून बरोबर गेटवर जाताना पोलिसांचा पूर्ण वळसा पडतो.

आणखी एक गफलत दर वेळी होते. लोक आपल्या आमदाराला मंत्री होताना पाहायला जातात आणि त्याचं नावच पुकारलं जात नाही. 5 डिसेंबर 2024 ला आझाद मैदानावर तिघांनीच शपथ घेतली, मुख्यमंत्री आणि दोन उपमुख्यमंत्री. बाकी 39 जणांची शपथ 15 डिसेंबरला झाली, तीही नागपूरच्या राजभवनात. म्हणजे घराजवळ, पण निमंत्रितांपुरती. मंत्रिमंडळ सभागृहाच्या 15 टक्क्यांपेक्षा मोठं करता येत नाही. 288 आमदारांच्या सभागृहात मुख्यमंत्री धरून 43. त्या दोन दिवसांची बेरीज 42 होते. तेव्हा जाण्याआधी पहिल्या दिवशी कोण शपथ घेणार ते विचारून घ्यावं. पक्का आकडा कोणीच सांगत नाही, पण कुणकुण लागते.

(दृश्य: फोनचा पडदा. घड्याळ 10 वाजून 58 मिनिटं.)

तारीख जाहीर झाली की साधं आरक्षण संपलेलं असतं. मग तत्काळ. गाडी सुटायच्या आदल्या दिवशी वातानुकूलितसाठी सकाळी 10 ला, स्लीपरसाठी 11 ला खिडकी उघडते. जुलै 2025 पासून ऑनलाइन तत्काळला आधार जोडलेलं खातं लागतं. ते जोडायचं काम निवडणुकीच्या आधीच उरकावं. 10 वाजून 58 मिनिटांनी ओटीपी येत नाही म्हणून फोन हवेत धरून उपयोग नाही. चौघांची नावं, वयं आधीच खात्यात भरून ठेवावीत. पक्कं झालेलं तत्काळ तिकीट रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत, म्हणून चौघांचा होकार आधी. ऑनलाइन वेटिंगचं तिकीट चार्ट लागल्यावर आपोआप रद्द होतं. ते दाखवून डब्यात चढणारा विनातिकीटच ठरतो.

पुसदला रेल्वे नाही. विदर्भ एक्सप्रेस गाठायला धामणगाव, बडनेरा किंवा अकोला. यवतमाळवरून जाणाऱ्याला धामणगाव जवळ पडतं, पण तिथला थांबा जेमतेम. डबा कुठं लागतो ते फलाटावर आधीच विचारून उभं राहावं, नाहीतर बोचकी घेऊन पळापळ होते आणि चौघं चार डब्यांत चढतात. ही गाडी संध्याकाळी नागपूर सोडते आणि सकाळी मुंबईत. नागपूर ते मुंबई 837 किलोमीटर, म्हणजे एक रात्र.

समृद्धी महामार्गानं जीप करून जाऊ, असं कोणीतरी बैठकीत म्हणतंच. नागपूरपासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत 701 किलोमीटरचा सरळसोट काँक्रीटचा रस्ता. जून 2025 मध्ये तो पुरता खुला झाला. पण दिवसभर वेचणी करून आलेल्या माणसानं रात्री त्या सरळ रस्त्यावर चाक धरू नये. डोळा लागतो. टायर घासलेला असेल तर तापून फुटतो. 1 जुलै 2023 ला मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ बस पेटून 25 माणसं गेली. रात्रीची रेल्वे बरी.

(दृश्य: चूल. परातीत पीठ. हात.)

शिदोरी नीट पाहा. ज्वारीची भाकर दुसऱ्या दिवशी कडक होते, म्हणून ती पहिल्या रात्रीपुरती. परतीसाठी तिखटमिठाच्या पुऱ्या. पीठ घट्ट मळायचं, मोहन घालायचं, पुऱ्या पूर्ण गार झाल्यावरच कापडात बांधायच्या. गरम बांधल्या की वाफ धरतात आणि भुसावळच्या आतच आंबूस वास सुटतो. सोबत जवसाची चटणी. जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचा. करपला तर कडू होतो. तिखट, मीठ, लसूण घालून कोरडीच कुटायची. पाण्याचा थेंब नको, दोन दिवस सहज टिकते. हे सगळं मैदानाबाहेर खायचं असतं. आत डबा, बाटली, पिशवी जात नाही.

कपड्यांचं गणित फसवं आहे. गाडीत रात्री कुडकुडायला होतं, मुंबईत डिसेंबरातही घामाच्या धारा. चादर घ्यावी, जाड स्वेटर घेऊ नये. मैदानात तो हातावरच ओझं होतो.

(दृश्य: सीएसएमटी, सकाळ. मग आझाद मैदान, पोलिसांचे लोखंडी कठडे.)

आझाद मैदान सीएसएमटीच्या समोरच, पायी दहा मिनिटांवर. आंघोळ, तोंड धुणं स्थानकातच आटोपावं. आमदार निवासात खोली मिळेल या भरवशावर राहू नये. त्या दिवशी तिथं खोलीत दहा आणि जिन्यावर वीस झोपलेले असतात. सामान स्थानकाच्या क्लोकरूममध्ये ठेवावं. तिथं कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत, म्हणून घरूनच छोटं कुलूप न्यावं. अंगावर तिकीट, मूळ ओळखपत्र, थोडे पैसे आणि फोन, बस्स. छत्री, पॉवर बँक, काडेपेटी, तंबाखूची डबी दारातच काढून घेतात.

म्हातारी बाई फेटिया-कांचळीत, म्हणजे बंजारा घागरा-चोळीत, आली असेल तर तिच्यासाठी तासभर जास्त धरा. आरसे, शिवलेली नाणी, चांदीचे दागिने. यंत्र वाजत राहतं आणि महिला पोलीस पडद्याआड नेऊन तपासतात. त्यात अपमान मानू नये, घाई तर मुळीच करू नये. बहुतेकदा तिलाच सगळेजण वाट करून देतात.

सोहळा साडेपाचचा असेल तर दुपारी दोनच्या आत रांगेत. हातात निवेदन असेल तर ते घरीच ठेवा. व्यासपीठ लांब असतं, तिथं निवेदन घ्यायला कोणी नसतं, आणि उंचावून दाखवलं तर पोलीस काढून घेतात. ते जिल्हाधिकारी कार्यालयात द्यावं, पोच घ्यावी. मंत्रालयातच द्यायचं तर सामान्यांना दुपारनंतर प्रवेश असतो, तिथंही पोच सोडू नये.

(दृश्य: संध्याकाळ. मोठा पडदा, त्यावर व्यासपीठ.)

राज्यपाल येतात. राष्ट्रगीत. मुख्य सचिव कार्यक्रम सुरू करण्याची परवानगी मागतात. राज्यपाल फक्त एक शब्द म्हणतात: ‘मी’. पुढचं शपथ घेणाऱ्यानं म्हणायचं. शपथा दोन: एक पदाची, एक गोपनीयतेची. ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो’ म्हणा किंवा ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो’ म्हणा, दोन्ही चालतं. मग नोंदवहीत सही. एका माणसाला काही मिनिटंच लागतात.

2024 ला मुख्यमंत्र्यांनी ‘देवेंद्र सरिता गंगाधरराव फडणवीस’ असं आईच्या नावासह म्हटलं. त्याच वर्षी 1 मेपासून जन्मणाऱ्या लेकरांच्या कागदांवर आईचं नाव आलं आहे. बचत गटातल्या बाईला सोबत न्यायचं ते अशा गोष्टी टिपण्यासाठी. पुरुष बहुधा टाळ्या वाजवत असतात.

पदाच्या शपथेचा शेवट कान देऊन ऐकावा: ‘सर्व तऱ्हेच्या लोकांना मी निर्भयपणे व निःस्पृहपणे तसेच कोणाच्याही विषयी ममत्वभाव किंवा आकस न बाळगता न्याय्य वागणूक देईन.’ गावानं चारजण पाठवले ते हे वाक्य आपल्या कानांनी ऐकायला. नेमकं त्याच वेळी मागून घोषणा सुरू होतात.

म्हणून फोनवाल्या पोराला आधीच सांगून ठेवा: चित्राच्या मागे लागू नको. लांबून काढलेल्या चित्रात मोठ्या पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसतात, बाकी पुढच्यांची डोकी. आवाज मुद्रित कर. लाउडस्पीकरच्या खाली उभं राहिलं तर आवाज फाटतो. वीस-पंचवीस पावलं बाजूला उभं राहावं, फोन खिशातून बाहेर काढून छातीशी धरावा.

परतीची विदर्भ एक्सप्रेस संध्याकाळी सातच्या सुमारास सुटते. गर्दीतून बाहेर पडून ती गाठणं कठीण. त्यानंतरची अमरावती एक्सप्रेस धरावी, बडनेऱ्याला उतरावं, पुढं एसटी. वेळा बदलत राहतात, आदल्या दिवशी पाहून घ्याव्यात.

(दृश्य: मंदिरापुढचं आवार. कंदील नाही, एक बल्ब. माणसं गोल बसलेली.)

आधी हिशेब वाचतात: तिकिटं, एसटी, चहा, क्लोकरूम. उरलेले पैसे मध्ये ठेवले जातात. मग कोणीतरी विचारतं, दिसलं का? नाईक खरं सांगतात: पडद्यावर दिसलं. पोरगा फोन मध्ये ठेवतो. चित्रात समोरच्याचं पागोटं आणि अंधार. कारभारी फोन उचलून कानाशी धरतात, आणि हात वर करून सगळ्यांना गप्प बसवतात.